एका भागात एकच युद्धकला का रुजते?

वळसा

ज्युदो जन्मला टोकियोत, १८८२ साली. पण नोंदणी केलेले ज्युदोका मोजायला गेलं तर फ्रान्स आज जपानच्या कितीतरी पुढे आहे. किकबॉक्सिंगचं तर आणखी नवल. के-वन ही जपानमधली स्पर्धा. १९९३ ते २०१० या काळात तिच्या १८ ग्रां प्री झाल्या आणि त्यातल्या १५ डच लढवय्यांनी जिंकल्या. इवलासा सपाट देश, लाथाबुक्क्यांची कुठलीही जुनी परंपरा नाही, तरी हे घडलं. रशियातल्या दागेस्तानात पोरगं चालायला लागलं की कुस्तीच्या हॉलमध्ये जातं. ब्राझीलमध्ये तर एकाच देशात दोन तऱ्हा: रिओत जिऊ-जित्सू, साओ पावलोत ज्युदो.

हे असं का होतं, यावर बरीच वर्षं वाचतो आहे. 'ती शैली जास्त परिणामकारक असते म्हणून' हे उत्तर मला पटत नाही. परिणामकारक शैली सगळीकडे सारखीच पसरायला हवी होती. माझं म्हणणं असं की दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, चांगला शिक्षक त्या गावात येऊन थांबावा लागतो, नुसता येऊन जाऊन चालत नाही. दोन, त्याच्या शिष्यांना त्या कलेवर पोट भरता आलं पाहिजे, किंवा निदान त्या वाटेनं नोकरी, नाव, काहीतरी पदरात पडलं पाहिजे. पहिली गोष्ट बरीचशी योगायोगाची असते. दुसरी नसते.

ब्राझीलचंच बघा. मित्सुयो माएदा हा कोडोकानचा, म्हणजे टोकियोतल्या ज्युदोच्या मूळ संस्थेचा ज्युदोका. अमेरिका, युरोप, क्यूबा, मेक्सिको असा कुस्त्या मारत फिरला, १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला आणि शेवटी अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात स्थायिक झाला. तिथे त्याच्याकडे शिकलेल्यांत कार्लोस ग्रेसी होता. ग्रेसी कुटुंब पुढे रिओला गेलं, १९२५ मध्ये त्यांनी तिथे स्वतःची शाळा काढली आणि 'कुणीही या, लढून बघा' अशी जाहीर आव्हानं देत नाव कमावलं. माएदा त्याआधी हवानातही लढला होता. तिथेच राहिला असता तर आज 'ब्राझिलियन जिऊ-जित्सू' या नावात ब्राझील नसतं.

साओ पावलोची गोष्ट वेगळी. १९०८ पासून जपानी मजूर कॉफीच्या मळ्यांवर यायला लागले आणि त्यांच्या वस्त्यांमधून ज्युदो आला. तिथे कुणी आव्हानवीर नव्हता, वडील मुलाला शिकवत होते. ब्राझीलला ज्युदोतलं पहिलं ऑलिंपिक पदक १९७२ मध्ये चिआकी इशीनं मिळवून दिलं, तो जपानहून आलेला. एकाच कोडोकानची दोन रोपटी, एक फिरत्या मल्लानं लावलेलं, दुसरं स्थलांतरितांनी. आज दोघं एकमेकांना वेगळे खेळ समजतात.

तुमच्या पाहण्यातली, वाचनातली अशी आणखी उदाहरणं असतील तर लिहा. माझं म्हणणं खोडणारी असतील तर जास्तच आवडतील.

तालीमकर

धागा आवडला. दुसऱ्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन, पण 'पोट भरता येणं' याच्या आधी एक शब्द घाला: आश्रय.

कोल्हापूरची कुस्ती हे त्याचं ठसठशीत उदाहरण. शाहू महाराज गादीवर आले १८९४ मध्ये. कुस्ती आधीही होती, ती काय एकाच गावात नव्हती. पण महाराजांनी मल्लांना पदरी ठेवलं, तालमींना हात दिला आणि १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं. कडेला उतरत गेलेली बैठक आणि मधोमध माती, म्हणजे कुठूनही कुस्ती स्वच्छ दिसते. मैदान एवढं मोठं झालं की बाहेरचे नावाजलेले मल्ल तिथे लढायला येऊ लागले. बाहेरचा मल्ल आला की त्याचे डाव बघायला मिळतात, वस्ताद ते रात्री तालमीत पोरांकडून घोटून घेतात, आणि पुढच्या खेपेला तोच डाव त्याच्यावर उलटतो. नुसत्या पैशानं हे होत नाही. आश्रयामुळे गर्दी जमते आणि त्या गर्दीत कला वाढते. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य मिळवणारे खाशाबा जाधव कोल्हापुरात शिकत होते, हाही मला योगायोग वाटत नाही.

थायलंडकडे बघा. ईशान्येचा ईसान भाग, देशातला सगळ्यांत गरीब. मुए थाईचे, म्हणजे थाई लाथाबुक्क्यांच्या लढतीचे, निम्म्याहून अधिक नामवंत तिथले वाटावेत इतके मल्ल त्या भागानं दिले. तिथे मल्लांना पदरी ठेवणारा राजा नाही, पण देवळांच्या जत्रांमध्ये लढती लागतात, आठ-नऊ वर्षांची पोरं उतरतात आणि मिळालेला पैसा घरी देतात. वरची पायरी म्हणजे बँकॉक: राजदमनर्न स्टेडियम १९४५ चं, लुम्पिनी १९५६ चं. जत्रा ते लुम्पिनी ही शिडी सलग उभी आहे. मुलांनी त्या वयात डोक्यावर मार खावा हे मला अजिबात मान्य नाही, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. पण शैली का टिकली याचं उत्तर त्या शिडीतच आहे.

निळा पट्टा

फ्रान्सवर लिहायलाच हवं. मी ज्युदो शिकते आणि लहान मुलांना शिकवतेही, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची.

मिकिनोसुके कावाइशी १९३५ मध्ये पॅरिसला आला. त्यानं ओळखलं की युरोपातला शिकाऊ माणूस पांढऱ्या पट्ट्यावरून काळ्यापर्यंत इतकी वर्षं दम धरणार नाही. मग पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा असे टप्पे त्यानं फ्रान्समध्ये रुजवले, डावांना क्रमांक दिले, शिकवण्याची ठरावीक पद्धत बसवली. अनेक जाणकार याला हलकं लेखतात, 'पट्टे वाटायचा धंदा' म्हणतात. त्यांनी एकदा सात वर्षांच्या मुलाला नवा पट्टा बांधून बघावा. गाठ नीट बसत नाही, टोकं कमी-जास्त होतात, ते मूल पुन्हा पुन्हा सोडून बांधतं आणि पुढच्या तासाला सगळ्यांच्या आधी येऊन उभं राहतं. पुढचे सहा महिने ते मूल कुठेही जात नाही, हे मी खात्रीनं सांगते. आणि मूल टिकलं की पालक टिकतात, पालक टिकले की क्लब टिकतो.

दुसरी गोष्ट, फ्रेंच सरकारनं १९५५ मध्येच ज्युदो शिकवण्याच्या व्यवसायासाठी कायदा केला. शिकवायचं तर सरकारी पात्रता हवी. त्यामुळे ज्युदोशिक्षक हा सन्मानाचा पेशा झाला आणि नगरपालिकांनी बिनदिक्कत आपले हॉल दिले. ज्युदोला हॉल लागतो, ही फार व्यावहारिक अडचण आहे. कराटे फरशीवर, अंगणात, गच्चीवर करता येतं. ज्युदोत माणूस पडतो, म्हणून खाली तातामी (जाड चटया) लागतात, त्या महाग असतात, जड असतात, रोज अंथरायच्या-उचलायच्या म्हटलं तर अर्धा तास त्यातच जातो. ज्या गावाकडे कायमची अंथरलेली मॅट आहे तिथे ज्युदो वाढतो आणि ज्या गावाकडे नाही तिथे कितीही मोठा शिक्षक आला तरी चार वर्षांत थकतो. वळसा, तुमच्या दोन गोष्टींत ही तिसरी धराच.

उत्तरवारा

सगळं वाचलं. पण तुम्ही सगळे मातीचा, माणसांचा मुद्दा टाळताय असं वाटतं. कॉकेशस, मंगोलिया, सेनेगल, तुर्कस्तान, इराण. या सगळ्या ठिकाणी लोककुस्ती शेकडो वर्षं आहे. सेनेगलची 'लांब' कुस्ती, मंगोलियाचं बोख, एदिर्नेजवळची किर्कपिनारची तेल लावून होणारी कुस्ती, इराणचे झूरखाने, म्हणजे तिथल्या तालमी. त्याच देशांतून आधुनिक कुस्तीचे आणि ज्युदोचे मल्ल निघतात. शिक्षक आला की रुजतं म्हणता, मग शेकडो शिक्षक शेकडो ठिकाणी गेले, सगळीकडे का नाही रुजलं? जमीन आधीच नांगरलेली असावी लागते.

जॉर्जियाचं उदाहरण देतो. तिथली लोककुस्ती चिदाओबा. आखूड बाह्यांचा जाड अंगरखा, कमरेला पट्टा, पायाला हात लावायचा नाही, जमिनीवरची झटापट नाही. जॉर्जियन मल्ल सोव्हिएत काळात सांबोत (सोव्हिएत कुस्तीप्रकार) आणि ज्युदोत आले तेव्हा ही सवय घेऊनच आले. जपानी ज्युदोका सरळ उभा राहून कॉलर आणि बाही धरतो. जॉर्जियन माणूस खांद्यावरून हात टाकून थेट पाठीमागे कमरेचा पट्टा पकडतो, छातीला छाती लावतो आणि समोरच्याला उचलून स्वतःसकट मागे फेकतो. १९६२ मध्ये सोव्हिएत संघ युरोपीय ज्युदो स्पर्धेत पहिल्यांदा उतरला तेव्हा त्यांचे बरेचसे खेळाडू मुळात सांबोपटू होते, आणि त्या पकडी बघून बाकीचे गांगरले. २०१० नंतर ज्युदोत पट काढायला बंदी आली, कमरेखाली हात नाही. पायावर हात टाकणाऱ्या अनेक देशांचं त्यात नुकसान झालं. जॉर्जियाचं फारसं नाही, कारण त्यांच्या आजोबांच्या कुस्तीतही पाय धरत नव्हते.

वळसा

उत्तरवारा, जॉर्जियाचं वर्णन फार सुंदर. नांगरलेल्या जमिनीचा मुद्दा मी मान्य करतो, पण अर्धाच. लोककुस्तीमुळे शैलीचा *आकार* ठरतो, तुम्ही तेच दाखवलंत. शैली तिथे *येते का* हे त्यानं ठरत नाही. सांबोच्या उगमाशी असलेला वासिली ओशचेपकोव्ह टोकियोला कोडोकानमध्ये शिकला, १९१३ मध्ये काळा पट्टा घेतला आणि परतून आधी व्लादिवोस्तोकला, पुढे मॉस्कोत शिकवायला लागला. तो आणि त्याच्या मागे राज्ययंत्रणा नसती तर चिदाओबा जॉर्जियाच्या दऱ्यांतच राहिली असती.

आणि जमीन नांगरलेली नसतानाही पीक येतं, याचं उदाहरण भिवानी. हरयाणातला तो भाग कुस्तीचा. बॉक्सिंगची तिथे लोकपरंपरा शून्य. हवासिंग सैन्यात गेले, सैन्यातच बॉक्सिंग शिकले, १९६६ आणि १९७० अशा लागोपाठच्या दोन आशियाई स्पर्धांत हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं आणि निवृत्तीनंतर भिवानीत पोरं घडवायला घेतली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी भारताचे पाच बॉक्सर पात्र ठरले, त्यातले चार भिवानीचे. विजेंदरनं कांस्य आणलं. एका माणसानं आपल्या भागात परत येण्याचा निर्णय घेतला, आणि पोलीस, रेल्वे, सैन्य यांच्या खेळाडू कोट्यानं त्या पोरांना नोकरीची वाट दाखवली. शिक्षक आणि पोट, दोन्ही.

रक्ताचा मुद्दा मात्र मला कायमच धोक्याचा वाटत आला आहे. 'ते लोक जन्मतःच लढवय्ये' म्हटलं की पहाटे चारला उठून हॉल उघडणाऱ्या प्रशिक्षकाचं श्रेय आपण काढून घेतो.

आडवाट

बंदरं आणि बोटी कुणीच का आणल्या नाहीत? मला तर हा सगळा विषय जहाजांच्या मार्गांचा वाटतो.

दक्षिण चीनमधून माणसं बाहेर पडली ती दोन प्रांतांमधून जास्त. फूच्येनचे लोक मलाया, सिंगापूर, फिलिपिन्सकडे गेले, म्हणून तिथे फूच्येनच्या श्वेत क्रौंच शैली सापडतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आधी ग्वांगदोंगचे लोक गेले, म्हणून तिथल्या चायनाटाउनमध्ये हुंग गार आणि चॉय ली फट या ग्वांगदोंगच्या शैली. उत्तर चीनच्या शैली तिथे फार उशिरा पोचल्या. यात कुठली शैली श्रेष्ठ हा प्रश्नच नव्हता, मजूर कुठून भरले जात होते हा प्रश्न होता. शांघायची चिन वू संस्था १९१० ची. तिच्या शाखा आग्नेय आशियात निघाल्या तेव्हा कुठे उत्तरेच्या कवायती त्या भागात गेल्या.

विंग चुनची कहाणी तर राजकारणाची. इप मान फोशानचा. १९४९ मध्ये साम्यवादी सत्ता येताना तो हाँगकाँगला आला आणि उपाहारगृह कामगारांच्या संघटनेत शिकवायला लागला. जागा अपुऱ्या, माणसं दाटीवाटीनं राहणारी. ही शैली आखूड हालचालींची, एका जागी उभं राहून करायची, तिला चौकातलं अंगण लागत नाही. निळा पट्टा यांचा तातामीचा मुद्दा इथे उलटा लागू पडतो. फोशानमध्ये जी मोजक्या लोकांत होती ती हाँगकाँगमध्ये फोफावली आणि इंग्रजी येणाऱ्या हाँगकाँगच्या तरुणांबरोबर लंडन, सिडनी, सॅन फ्रान्सिस्कोला गेली. ब्रूस ली त्यातला एक.

स्टॉकटन, कॅलिफोर्निया. फिलिपिनो शेतमजूर अ‍ॅस्पॅरागसच्या शेतांवर राबायला आले. त्यांच्यात एस्क्रिमाचे, म्हणजे फिलिपिनो काठी-लढतीचे, एकेक पट्टीचे जाणकार होते, पण बाहेरच्याला शिकवायचे नाहीत, कित्येकदा आपल्या मुलांनाही नाही. १९६६ मध्ये आंखेल काबालेस यांनी सगळ्यांसाठी वर्ग उघडला. त्यानंतर ते शहर एस्क्रिमाचं ठाणं म्हणून ओळखलं जाऊ लागलं. कला तिथे काही दशकं होतीच, दार मात्र बंद होतं. त्यामुळे मी म्हणेन की शिक्षक येऊन थांबणं पुरेसं नाही. त्यानं शिकवायचं ठरवावं लागतं.

तालीमकर

आडवाट, बोटींबरोबर लष्करी तळही घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्य जपानच्या ओकिनावा बेटावर बसलं. मरीन जवान दीड-दोन वर्षं तिथे असायचे, संध्याकाळी गावातल्या शिक्षकाकडे जायचे. तात्सुओ शिमाबुकूनं १९५६ मध्ये कराटेची शैली इशिन-र्‍यू काढली ती अशा जवानांच्या ऐन गर्दीत. ते मायदेशी परतले आणि जिथे राहत होते तिथे शाळा काढल्या. म्हणूनच ओकिनावाच्या एका छोट्या गावातली शैली अमेरिकेत तिच्या जन्मभूमीपेक्षा जास्त दिसते. गंमत म्हणजे ओकिनावातही पूर्वी नाहा, शुरी आणि तोमारी या अगदी जवळजवळच्या वस्त्यांच्या पद्धती वेगळ्या मानत, पायी चालत जाता येईल इतक्या अंतरावर. आंको इतोसूनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळांमध्ये नेलं, तेव्हा ती बंद दारं उघडली.

निळा पट्टा

तायक्वांदोचा उल्लेख आल्याशिवाय हा विषय अपुरा राहील. तिथे एकटा शिक्षक नव्हता, अख्खं राष्ट्र मागे होतं. दक्षिण कोरियाच्या सैन्यात ती सक्तीची झाली, व्हिएतनाम युद्धात कोरियन प्रशिक्षकांनी तिथल्या सैनिकांना शिकवलं, १९७२ मध्ये सोलला कुक्कीवोन हे तायक्वांदोचं मुख्यालय उभं राहिलं, १९७३ मध्ये जागतिक महासंघ झाला आणि जगभर प्रशिक्षक पाठवले गेले. २००० मध्ये ती ऑलिंपिकच्या पदकांत आली.

आणि मग बघा काय झालं. अफगाणिस्तानला इतिहासातलं पहिलं ऑलिंपिक पदक २००८ मध्ये रोहुल्ला निकपाईनं तायक्वांदोत मिळवून दिलं. हा मुलगा यादवीमुळे कुटुंबासोबत इराणमध्ये निर्वासित म्हणून राहत होता, तिथे शिकला. जॉर्डनचं पहिलं पदक, २०१६, अहमद अबूघौश, तायक्वांदो. आयव्हरी कोस्टचं पहिलं सुवर्ण, २०१६, शेख सिसे, तायक्वांदो. पोहण्याचा तलाव बांधायला किंवा सायकलिंगचा ट्रॅक घालायला ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांना एक खोली आणि एक शिक्षक पुरतो. काबूलला घरोघर पोरं लाथा मारायला शिकली ती त्या पदकानंतर. म्हणजे पदक हेसुद्धा रुजण्याचं कारण होतं, परिणाम नंतरचा. कुणी मला विचारलं तर सगळ्या उदाहरणांत हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

उत्तरवारा

उलट प्रश्न विचारतो. रुजलेली शैली उखडते कधी? कळरीपयट्टू केरळात घट्ट रुजलेली होती, मग इतकी मागे का पडली?

आडवाट

पोट भरायची वाट बंद झाली म्हणून. कळरीचे गुरुक्कल आणि त्यांचे शिष्य स्थानिक राजे-सरदारांच्या पदरी असायचे. इंग्रजांनी शस्त्रं काढून घेतली, सरदारांच्या फौजा संपल्या, लढवय्याला काम उरलं नाही. पण एक वाट फुटली ती बघण्यासारखी आहे. तलश्शेरीला कीलेरी कुञ्ञिकण्णन हे कळरी आणि कसरत जाणणारे शिक्षक. त्यांनी त्याच कमावलेल्या अंगांना सर्कशीकडे वळवलं, आणि पुढे भारतीय सर्कशीतले कितीतरी कसरतपटू त्या एका गावातून आले. शरीर घडवण्याची विद्या तिथेच राहिली, तिनं मालक बदलला. विसाव्या शतकात सी. व्ही. नारायणन नायर यांच्यासारख्यांनी कळरीची प्रात्यक्षिकं गावोगाव नेली म्हणून ती कला म्हणून पुन्हा डोळ्यांसमोर आली. आज तिला मंच आहे, मालिशीचे आणि उपचारांचे वर्ग आहेत. लढत मात्र जवळजवळ नाही.

उत्तरवारा

पटलं. मग शेवटची शंका. आता एमएमए, म्हणजे मिश्र युद्धकला, आलं. जगात कुठेही जा, तेच शिकवतात: थोडी कुस्ती, थोडं जिऊ-जित्सू, थोडं किकबॉक्सिंग. व्हिडिओ सगळ्यांना सारखेच दिसतात. स्थानिक रंग पुसला जाणार नाही का?

वळसा

नाही जाणार असं मला वाटतं, आणि कारण ॲम्स्टरडॅममध्येच आहे.

तिथली साखळी बघा. १९६४ मध्ये क्योकुशिन या कराटे शैलीचे तीन कराटेपटू बँकॉकला मुए थाईशी लढायला गेले. केंजी कुरोसाकी त्यात होता, तो हरला. त्या हरण्यानं पेटून उठून त्यानं टोकियोत मेजिरो जिम काढलं. तिथे यान प्लास शिकला आणि १९७८ मध्ये त्यानं ॲम्स्टरडॅमला त्याच नावाचं जिम उघडलं. तोवर टॉम हारिंकचं चाकुरिकी तिथे होतंच, आणि दोन्ही जिमची चुरस पुढे अनेक वर्षं चालली. एका शहरात तुल्यबळ असे दोन आखाडे असणं हे केवढं मोठं भांडवल असतं, ते तालीमकर चांगलंच जाणतात.

आता सराव बघा. थायलंडात शिक्षक हातात जाड पॅड धरतो आणि मल्ल त्यावर एकेक दमदार लाथ घालतो. पॅड धरून दिवस काढणारा अनुभवी माणूस तिथे सहज मिळतो. डच जिममध्ये एका वेळी तीस जण आणि शिक्षक एक. त्यामुळे जोड्या पडतात, दोघंही मोठे ग्लोव्ह घालतात आणि एकमेकांच्या अंगावरच ठरलेली साखळी घोटतात: डावा-उजवा चेहऱ्याकडे, डावा हूक यकृतावर, समोरचा वाकला की उजवी लाथ मांडीवर. मग पाळी बदलते. मारणाऱ्याला साखळी अंगवळणी पडते, खाणाऱ्याला मार झेलून लगेच परतवण्याची सवय लागते. हूकनंतरची ती मांडीवरची लाथ डच लढवय्या पुढे कुठल्याही पिंजऱ्यात उतरला तरी लगेच ओळखू येते.

व्हिडिओतून हूक कसा मारायचा ते दिसतं. पण आठवड्यातून चार संध्याकाळी, वीस वर्षं हेच करत आलेला जोडीदार समोर उभा राहून तुमच्या मांडीवर लाथ घालत असतो तेव्हा जे अंगात उतरतं ते व्हिडिओत नाही. दागेस्तानचा एमएमए लढवय्या अजूनही समोरच्याला पिंजऱ्याच्या जाळीला रेटून पाय ओढून पाडतो, कारण त्याच्या गावातल्या हॉलमध्ये त्याला रोज तसाच रेटणारे पन्नास जण आहेत. ते पन्नास जण एकाच गावात का गोळा झाले, हे शोधायला गेलं की पुन्हा एखादा परतून आलेला प्रशिक्षक आणि एखादी क्रीडाशाळा सापडते.

उद्या सवड मिळाली की सवातवर, म्हणजे फ्रेंच लाथाबुक्क्यांच्या लढतीवर, लिहितो. पॅरिसची पद्धत आणि मार्सेयच्या खलाशांची पद्धत यांत फरक कसा पडला, ते वाचण्यासारखं आहे.